तांदळातलं नाव

आमच्या घरात हल्ली आमटी थंड होते. सून घरात रुळल्यापासून हे सुरू झालं. ती बहिरी आहे, हातांनी बोलते, आणि आम्ही मालवणकडची माणसं हातांनी जेवतो. एकाच हाताला दोन्ही कामं. बांगड्याचा काटा काढता काढता तिला ऑफिसातलं काही आठवतं, मग काटा ताटात राहतो आणि बोटांना लागलेल्या तिकल्याच्या रशासकट गोष्ट सुरू होते. माझा मुलगा उत्तर द्यायला घास खाली ठेवतो, मी मध्ये तोंड घालते, म्हणजे खरं तर हात घालते, आणि वीस मिनिटांचं जेवण सव्वा तास चालतं. लहानपणी आम्हाला जेवताना बोललं की पाठीत धपाटा मिळायचा. आता मी स्वतः तोंडात भात ठेवून बडबडते आणि त्यात काही असभ्य नाही, कारण तोंड बोलण्यात नाहीच.

बहिरी हा शब्द मी मुद्दाम लिहिला. आधी मी मूकबधिर म्हणायचे, मग कोणीतरी सांगितलं म्हणून कर्णबधिर म्हणू लागले. ते म्हणताना आवाज आपोआप खाली यायचा, घरात कोणी आजारी असल्यासारखा. सुनेने एकदा मुलाला विचारलं की तुझी आई माझ्याबद्दल बोलताना ओठ एवढे बारीक का करते. मग तिनेच मला सांगितलं, बहिरी म्हणा, मला काही होत नाही.

मुलगा आणि ती अंधेरीला एका कार्टून बनवणाऱ्या ऑफिसात शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचे. तो तिची भाषा शिकला ते आम्हाला न सांगता. एक दिवस मी हॉलमध्ये आले तर हा मोबाइल टेबलावर उभा करून त्याच्यासमोर हातवारे करत होता, मध्येच पोट धरून हसत होता. आवाज शून्य. मला वाटलं, पोरगं गेलं कामातून. मग हळूहळू सगळं कळलं. मुलगी आवडण्यासारखीच होती. सावंतवाडीजवळच्या खेड्यातली, शिकलेली, चित्रं सुंदर काढणारी. डाव्या भुवईच्या मधोमध एक जुनी खोक होती, तिथे केस उगवत नव्हते. दिंडोशीला आमच्याकडे ती पहिल्यांदा आली तेव्हा हसली, पाया पडली, दिलेलं सगळं खाल्लं. मग ती दोघं अर्धा तास हातांनी बोलत बसली आणि मी समोरच्या खुर्चीत बसून एकदा हिच्या हाताकडे, एकदा त्याच्या हाताकडे बघत राहिले. माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यासमोर, बहिरी मी होते.

त्या रात्री मी आमच्या ह्यांना म्हटलं, "मी शिकणार ही भाषा."

"ह्या वयात?" ते म्हणाले. "माझा बघ, माका क्लासाची गरज नाय."

ते खरं होतं, आणि त्याचाच मला राग यायचा. ह्यांनी तिच्याशी पहिल्याच दिवशी स्वतःच्या हातवाऱ्यांचं दुकान उघडलं होतं. चहा हवा तर अंगठा ओठाला, क्रिकेट बघू या तर हवेत बॅट, बायको चिडलीय तर कपाळाला हात आणि माझ्याकडे डोळ्याने इशारा. ती खळखळून हसायची. पण एवढ्यावर किती दिवस चालणार? चहा आणि क्रिकेट झालं की ह्यांचं दुकान बंद. मला तिच्याशी गोड बोलायचं नव्हतं, गोड बोलायला पाहुणे असतात. मला हवं होतं की तिने माझ्यावर चिडावं, कुरकुरावं, आमटी खारट झाली तर नुसतं ताट बाजूला न सारता मला तसं तोंडावर सांगावं. जी सून सासूशी कधी भांडतच नाही तिने सासूला घरातलं माणूस मानलेलं नसतं, असं माझं मत आहे. ते चुकीचं असेल, पण माझं आहे.

क्लास अंधेरीला शनिवारी दुपारी असायचा. शिकवणारे मास्तर स्वतः बहिरे, माझ्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच नियम लिहिला: वर्गात आवाज काढायचा नाही. ज्याचा आवाज निघेल त्याने उठायचं, दारापर्यंत जायचं, दाराला हात लावून परत यायचं. आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, पण ओठ हलले की दिसायचं, आणि त्यांचा डोळा घारीचा. वर्गात सगळी कॉलेजची मुलं, आणि पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त चाललं कोण तर मी. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंच होतं.

खुणा मला भराभर पाठ झाल्या. अडलं ते चेहऱ्यावर. मी तीस वर्षं एका विमा कार्यालयात काउंटरवर बसले. समोरचा रडो, ओरडो, देवाची शपथ घालो, आपला चेहरा हलवायचा नाही हे मी तिथे शिकले, आणि त्याच्याही आधी सासरी शिकले. इथे उलटंच. हो की नाही असं विचारायचं असेल तर भुवया वर, काय, कुठे, का विचारायचं असेल तर भुवया खाली. चेहरा हलला नाही तर प्रश्न हा प्रश्नच राहत नाही, नुसतं विधान होतं. मी विचारायचे, चहा घेणार का, आणि समोरच्याला दिसायचं, चहा घेणार. मास्तर माझ्यासमोर येऊन उभे राहायचे, स्वतःच्या चेहऱ्यासमोर हात फिरवायचे आणि मग किल्ली फिरवून कुलूप लावल्याची खूण करायचे. माझा चेहरा कुलूपबंद आहे, असं. आणखी एक म्हणजे बोट दाखवणं. माणसाकडे बोट करू नये म्हणून आपण पोरांच्या हातावर मारतो. या भाषेत बोट दाखवल्याशिवाय तू नाही, तो नाही, ती नाही. मास्तरांना 'तुम्ही' म्हणायला मी आधी हात जोडून मग बोट करायचे. वर्गातली मुलं त्यावर हसायची.

माणसांना हाक मारायची त्यांची रीत मला याच वर्गात कळली. तुमचं कागदावरचं नाव ते बोटांवर अक्षरं जुळवून सांगतात, दोन्ही हातांनी, इंग्रजी अक्षरांत. पण रोज एवढं कोण करणार? म्हणून प्रत्येकाला खुणेचं एक छोटं नाव असतं. ते तुमच्या रूपावरून, सवयीवरून पडतं. मास्तरांचं नाव होतं कानाची लांब पाळी ओढणं. एका बाईंचं नाव दोन दातांमधली फट. त्यात कोणाला काही वाटत नाही. जाड माणूस जाड, टकल्या टकल्या, आणि बारीक झालात तर बारीक झालात, काय आजार झाला, असं सरळ विचारतात. मी मास्तरांना म्हटलं, मलाही एक नाव द्या. ते म्हणाले, नाव मागून मिळत नाही. लोकांना द्यावंसं वाटलं की लोक देतात. मी ते वहीत लिहून घेतलं आणि माझ्या सोयीने समजून घेतलं.

सुनेचं खुणेचं नाव भुवई होतं. तर्जनी आडवी धरून डाव्या भुवईवरून कापत न्यायची, ती खोक आहे ना, तिथून. मला ते बघवायचं नाही. एवढी गोड मुलगी आणि तिला हाक मारायची जखमेवरून? आमच्याकडचे कोणी विचारतील की हे काय, तर मी काय सांगू? हा सगळा विचार मी मनात केला. कोणाला बोलून दाखवला असता तर पुढचं झालंच नसतं.

लग्न मुलुंडच्या हॉलमध्ये झालं. अर्धे पाहुणे आमचे, बोलणारे, म्हणजे ओरडणारे. अर्धे तिच्या बाजूचे, तिच्या शाळेपासूनचे मित्रमैत्रिणी. मंगलाष्टकं तिच्या शाळेतल्या मैत्रिणीने स्टेजवर उभं राहून खुणांतून सांगितली, मुलाने तिच्यासाठी शब्द आधी लिहून दिले होते. अक्षता पडल्या आणि टाळ्यांच्या ऐवजी त्यांच्या बाजूचे शेदीडशे हात वर जाऊन पंजे हलू लागले. माझ्या नणंदेने मला कोपराने ढोसून विचारलं, "अगं हे काय, बाय बाय करतायत का?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "टाळ्या आहेत त्या." मला तेव्हा फार मजा वाटत होती.

मग ताट आलं. आपल्याकडे ताम्हनात तांदूळ पसरतात आणि नवरा मुलगा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, मग सगळ्यांना पेढे. मुलाने आधीच ठणकावून सांगितलं होतं की नाव बदलायचं नाही. त्याने तांदळात तिचं जुनंच नाव लिहिलं. आमच्याकडच्या चार बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आणि तिथे मी उठले. मी महिनाभर मनात ठरवून ठेवलं होतं, मुलालाही सांगितलं नव्हतं. मास्तर म्हणाले होते, नाव लोक देतात. आजपासून तिचे लोक आम्ही, आणि सून आली की सासरचे नाव देतात, ही आमची रीत. दोन्ही रीती एकत्र बसत होत्या. मी स्टेजच्या मधोमध उभी राहिले, सगळ्यांचं लक्ष वेधायला हात हलवला आणि खुणांनी सांगितलं, माझ्या सुनेला मी नवीन नाव देते. भुवई नाही. मोगरा. आणि कानामागे फूल खोचल्याची खूण केली. मीच बनवलेली, सुंदर, मला तरी सुंदर वाटलेली.

पंजे वर गेले नाहीत. हॉलभर चाललेले हात एकेक करून खाली आले, मांडीवर, खुर्चीच्या हातांवर, खिशात. आमची बाजू नेहमीसारखा गोंगाट करत होती, पेढे कुठे आहेत विचारत होती, पण हॉलच्या त्या अर्ध्या भागात शांतता पसरली हे मी डोळ्यांनी पाहिलं. मैत्रिणीने सुनेकडे पाहिलं. सून हसली, पाया पडली, ओठांशी हात नेऊन आभार मानले. मुलगा माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाला, "आई, काय केलंस यार."

त्यानंतरचे दोन महिने घरात सगळं छान होतं, आणि ते छानच मला खाऊ लागलं. ती सकाळी चहा द्यायची, संध्याकाळी दिवसभर काय झालं ते चार खुणांत सांगायची, त्याही सावकाश, लहान मुलाला सांगाव्यात तशा. छान. हो. काही नाही. दमले. मी तिला मोगरा म्हणून बोलवायचे आणि ती यायची. मुलाशी बोलताना मात्र तिचे हात वाऱ्यासारखे चालायचे. तिच्या मैत्रिणी वाकोल्याहून, घाटकोपरहून यायच्या, हॉलमध्ये हातांचा नुसता धुमाकूळ असायचा, आणि मी खायचं घेऊन आत शिरले की हात खाली यायचे. सगळ्या माझ्याकडे बघून हसायच्या. माझी वही, माझे शनिवार, दाराला हात लावून केलेल्या त्या येरझाऱ्या, सगळं पाण्यात गेलं होतं. ज्या मुलीशी बोलायला मी एवढं केलं तिच्यासाठी मी पाहुणी झाले होते. मी ह्यांच्यापाशी एकदा रडले सुद्धा. हे म्हणाले, "तिका इचार." मी म्हटलं, काय विचारू, सगळं छान तर आहे.

फुटलं ते एका रविवारी सकाळी, ओट्यापाशी. ती सुरमईचे तुकडे धूत होती, मी नारळ खवत होते. मला कोथिंबीर हवी होती. मी नेहमीप्रमाणे ओट्यावर थाप मारली, म्हणजे तिला हादरा कळतो, तिने वळून पाहिलं, आणि मी कानामागे फूल खोचलं. मोगरा, कोथिंबीर दे.

तिने सुरमई खाली ठेवली. नळ सोडला. साबण लावून हात धुतले, मनगटापर्यंत, मग परत धुतले. टॉवेलने एकेक बोट पुसलं. मी बघत होते आणि मला कळेना की कोथिंबिरीसाठी एवढी स्वच्छता कशाला. मग माझ्या लक्षात आलं. आपण भांडायच्या आधी पदर खोचतो. हिला हात मोकळे हवे होते.

आणि ती बोलली. पहिल्यांदाच माझ्याशी तिच्या वेगाने. काही सुटलं असेल, पण फार नाही. मी इथे मराठीत लिहिते म्हणून 'तुम्ही' लिहिते आहे, तिने नुसतं बोट दाखवलं, सरळ माझ्या छातीकडे.

"हे नाव माझं नाही," ती म्हणाली. "तुम्ही मला हाक मारता तेव्हा मला मागे बघावंसं वाटतं, दुसरं कोण उभं आहे. गावी मला नाव नव्हतं. कागदावर असेल. मला माहीत नव्हतं. घरात सगळे खांद्याला हात लावून बोलवायचे. आईचा चेहरा मला माहीत होता, पण आईला नाव असतं, मला नाव असतं, माणसांना नावं असतात, हे कोणी सांगितलंच नाही. कसं सांगणार? सहा वर्षांची होते तेव्हा इथे शाळेत आणून सोडलं, राहायला. आई निघून गेली. का गेली, परत येणार का, विचारायला माझ्याकडे काही नव्हतं. तीन दिवस मी दाराशी बसले."

मी हातातला नारळ खाली ठेवला.

"मग माझी मैत्रीण आली. मंगलाष्टकं केली ती. तेव्हा सात वर्षांची होती. तिने माझ्या भुवईला बोट लावलं. मग स्वतःच्या भुवईवरून बोट फिरवलं, माझ्याकडे दाखवलं. पुन्हा. पुन्हा. मला कळेना. मग ती लांब गेली, दुसऱ्या मुलीला भुवई करून दाखवली, आणि त्या मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नव्हतं, मी त्यांच्याजवळ नव्हतेही, आणि तरी त्या दोघी माझ्याबद्दल बोलत होत्या. तेव्हा मला कळलं की मी आहे." इथे तिने दोन्ही हात छातीवर दाबून धरले. "ते तुम्ही मोगरा म्हणून पुसलं. सगळ्यांसमोर."

भांडण व्हावं असं मीच म्हणत होते ना? आता झालं. मी स्टुलावर बसले. जखमेवरून हाक मारतात म्हणून मला लाज वाटत होती. त्या जखमेमुळे एका सहा वर्षांच्या पोरीला दारापासून कोणीतरी उठवलं होतं.

मग तिचा राग थोडा निवला असावा, कारण तिचे हात सावकाश झाले. तिने विचारलं, "तुमच्या लग्नात तुमचं नाव बदललं होतं?"

मी मान हलवली. हो. तांदळात. ह्यांनी लिहिलं, सासऱ्यांनी आदल्या दिवशी सुचवलेलं. मला ताट पुढे केलं तेव्हा कळलं. आईबाबा होते तोवर माहेरी जुन्या नावाने हाक यायची. ते गेले, मग ते नाव घेणारं कोणी उरलं नाही. ऑफिसात नवं, रेशनकार्डावर नवं, सोसायटीच्या पाटीवर तर नुसतं ह्यांचंच.

"आवडलं होतं नवं नाव?" भुवया वर. हो की नाही.

मी खूण केली, छान.

ती माझ्या हाताकडे बघत नव्हतीच. ती म्हणाली, "चेहरा वेगळं सांगतोय."

तीस वर्षांत काउंटरपलीकडच्या कोणाला जे दिसलं नाही ते तिला एका क्षणात दिसलं. मला रडू आलं आणि हसूही आलं. मी विचारलं, आता मी काय करू? तिने फार सोपं उत्तर दिलं. दिलंत सगळ्यांसमोर, परत घ्या तेही सगळ्यांसमोर. मग तिनेच कोथिंबीर काढून दिली, आणि त्या दिवशी जेवताना माझ्याकडे बघून म्हणाली, सुरमईत मीठ जास्त झालंय. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

त्यांचा मेळावा महिन्यातून एकदा अंधेरीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरतो. रविवारी दुपारी चारला सुरू होतो आणि संपतो कधी ते कोणी सांगू शकत नाही, कारण निघू या म्हटल्यावर तासभर फाटकापाशी बोलणं चालतं. आम्ही चौघंही गेलो. आमचे हे इस्त्रीचा शर्ट घालून आले, जणू त्यांचाच सत्कार आहे. मी घरी आरशासमोर दहा वेळा सगळं म्हणून पाहिलं होतं. तरी स्टेजवर चढले आणि हात थरथरायला लागले. आवाज कापला तर घोट गिळून सावरता येतं. हातांचं काय करायचं? ते तसेच अडखळत होते, आणि समोरची दोन-एकशे माणसं धीराने बघत होती.

मी सांगितलं, लग्नात मी चूक केली. आमच्याकडे लग्नात नाव बदलतात, मला वाटलं हेही तसंच. तिचं आधीचं नाव मी दिलेलं नव्हतं, मला ते पुसायचा अधिकार नव्हता. माझ्या सुनेचं नाव हे आहे. आणि मी भुवईवरून बोट नेलं. पहिल्यांदाच. माझ्या स्वतःच्या भुवईवर माझं बोट जरा रेंगाळलं.

पुढच्या रांगेतून तिची मैत्रीण उभी राहिली. ही बाई सोडणार नाही हे मला तिच्या उभं राहण्यावरूनच कळलं. तिने विचारलं, "का केलं? जखम वाईट दिसते म्हणून?"

खोटं बोलायची सोय नव्हती, चेहरा उघडा पडला होता. मी म्हटलं, हो. लोक काय म्हणतील असं वाटलं.

"कोण लोक?"

मी मागच्या बाजूला, भिंतीपाशी उभ्या असलेल्या आमच्या ह्यांच्याकडे बोट दाखवलं. मुलगा त्यांच्यातलाच झालेला, आमच्या बाजूचा म्हणून तिथे तेवढा एकच माणूस होता. सगळा हॉल वळून त्यांच्याकडे बघू लागला. ह्यांना काय चाललंय ते कळेना, त्यांनी बिचाऱ्यांनी नमस्कार केला. हॉलमध्ये हसू फुटलं, खांदे हलले, आणि मैत्रीणही हसली. मग ती स्टेजपाशी आली आणि म्हणाली, ठीक आहे. भुवईची सासू. तुम्ही आमच्याकडे नवीन, पहिल्यांदा बोललात. नवीन माणूस आधी आपलं नाव सांगतो. खुणेचं नाव तुम्हाला अजून नाही, ते बघू कधी पडतं ते. बोटांवर अक्षरांनी सांगा.

हे तर क्लासात शंभर वेळा केलं होतं. दोन्ही हात समोर आणले. पहिलं अक्षर लागलं आणि मीच हातांकडे बघत राहिले, कारण ते रेशनकार्डावरच्या नावाचं नव्हतं. मी ठरवून काही केलेलं नव्हतं. दुसरं अक्षर लागलं, तिसरं लागलं. आईबाबा गेल्यापासून जे नाव कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं ते माझ्या बोटांवर उभं होतं, आणि हॉलभर माणसं ते वाचत होती. सून बाजूलाच उभी होती. तिला माझं लग्नानंतरचंच नाव माहीत होतं, त्यामुळे तिने एकदा चमकून माझ्याकडे पाहिलं. मग काही न विचारता ती पुढे झाली आणि मागच्या रांगांना दिसावं म्हणून तिने हात उंच करून तीच अक्षरं एकेक करत पुन्हा सांगितली. पंजे वर गेले.

मी खाली उतरले.  हे भिंतीपासून माझ्याकडे चालत आले. सगळ्यांनी पाहिलेलं त्यांनीही पाहिलं होतं, पण वाचता त्यांना एक अक्षर येत नव्हतं.

"शेवटाक काय सांगितलंस गो?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांनी हात वर केले ता."

"माझं नाव," मी म्हटलं. "तुम्ही लिहायच्या आधीचं."

 तांदळात अंगठी फिरवणारा हात त्यांनी खिशातून बाहेर काढला, दुसराही काढला आणि दोन्ही माझ्यासमोर धरले.

"सावकाश दाखव," ते म्हणाले. "माका पण शिकाक व्हया."

मी त्यांची बोटं धरली आणि पहिलं अक्षर लावून दिलं.